टेकलेली नळी

ज्ञानदेवनानांचं आयुष्यात कधी काही चुकलं नाही. चुकायचं ते जगाचं. विहिरीला पाणी लागलं नाही तर पाणाड्या गाढव, ऊस आडवा झाला तर वारा हरामखोर, आणि भाकरी करपली तर गोदाबाई. लोणी काळभोरात हे सगळ्यांना पाठ होतं. तरी गाव नानांना मान देई, कारण नानांचा नेम. उसात रानडुकरं शिरली आणि वनखात्याची परवानगी आली, की बोलावणं नानांनाच जायचं. त्यांची ती हलकी रायफल, दर गोळीला हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. एका डुकराला एक गोळी. दुसरी लागली तर नाना दोन दिवस फुरंगटून बसत.

अशा माणसाच्या गोळीनं पोपटचा पाय गेला.

पोपट नानांच्याच शेतावरचा गडी. दिवाळी सरली तसा डुकरांचा कळप उसात घुसला. पोपट बांधावरून पत्र्याचा डबा बडवत होता आणि नाना दुसऱ्या टोकाला रायफल लावून बसले होते. पहिली गोळी, एक डुक्कर आडवं. दुसरी गोळी, दुसरं आडवं. तिसरी गोळी मोठ्या नराच्या मागच्या मांडीला नुसती चाटून गेली. जखमी डुक्कर पळत नाही, ते उलटतं. ते थेट पोपटवर गेलं आणि त्याची पोटरी फाडून उसात गडप झालं. दवाखान्यात जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

गाव हळू आवाजात म्हणायला लागलं, की नानांचं वय झालं. हे नानांच्या कानावर आलं आणि त्यांचं डोकं सणकलं. नेम चुकला हे शक्यच नव्हतं, तेव्हा बंदूक बिघडली असणार, आणि बंदूक बिघडली तर ती कुणीतरी बिघडवली असणार. कुणीतरी म्हणजे संतोष. हा नानांचा एकुलता एक मुलगा, कर्वेनगरला भाड्यानं राहून कंपनीत नोकरी करणारा. दिवाळीला घरी येऊन त्यानं भिंतींना रंग दिला होता. त्यासाठी कपाट हलवायचं होतं म्हणून नानांनी कुलूप काढून रायफल अर्धा दिवस कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. झालं! नानांनी भर चावडीवर सांगून टाकलं, की पोरानं बंदूक पाडली आणि वर तोंड शिवून बसला.

संतोष म्हणाला, मी हातसुद्धा लावला नाही. नानांनी त्याच्या कानाखाली वाजवली. तेव्हा तो तसाच आत गेला, गोदाबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईची शपथ. मी बंदुकीला शिवलो नाही." नानांनी त्याला बाहेर काढून दार लावून घेतलं.

पुढे थंडीत गोदाबाईनं अंथरूण धरलं. हृदय दमलं होतं, पायावर सूज आली होती, चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्या चुकवल्या नाहीत तर अजून बरीच वर्षं काढतील असं सांगितलं. पण नानांनी गावभर वेगळंच पसरवलं. पोरानं आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, ती तिला बाधली. लोकांना ते पटलंही. आपल्या लोकांना औषधापेक्षा शपथ लवकर पटते.

पटलं नाही ते एकट्या गोदाबाईला. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई नवऱ्यापुढं "पण" म्हणाली नव्हती. आता पडल्या पडल्या रोज म्हणायची, "माझा संतोष माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायचा नाय. बंदुकीचं दुसरं काय तरी झालं असंल." रोज, सकाळच्या गोळीबरोबर. नानांना गावाचं काही वाटेनासं झालं होतं. गाव त्यांनी जिंकलं होतं. बायको हातची गेली होती, आणि ती परत मिळवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून त्यांनी अट घातली. संतोषनं आधी पोपटपुढं कबूल करायचं, मग आईपुढं कबूल करायचं, तरच उंबरा ओलांडायचा. पोरगं दोन महिने झुरलं, पण बधलं नाही. शेवटी नानांनीच फोन करून सांगितलं, की बंदूक तपासायला पुण्यात आणतोय, तूही ये, जाणत्याच्या तोंडून ऐक आणि मग काय ती अक्कल चालव.

जाणती म्हणजे यास्मिन. तिचे वडील रहीमभाई, भवानी पेठेत परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं त्यांचं जुनं दुकान. आता त्यांचे हात कापतात म्हणून सगळं यास्मिन बघते. तोंडानं तिखट बाई. गिऱ्हाईक आलं तर आलं, गेलं तर वाटेला लागलं, असा अस्सल पेठेतला कारभार. तिनं नानांना शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर बोलावलं होतं. आत फक्त परवानाधारकाला सोडतात, म्हणून संतोष फाटकाबाहेर गाडीशी थांबला. नानांना हे अगदी पथ्यावर पडलं.

आत शिरल्या शिरल्या नानांनी निदान सांगून टाकलं. बंदुकीवरची दुर्बीण हललीय, पोरानं बंदूक पाडलीय, तेवढं जाताना त्याला बाहेर येऊन सांगा.

"निदान घरूनच करून आणलंय, मग मला कशाला बोलावलंत?" यास्मिन म्हणाली आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून स्वतः बसली.

पहिली गोळी मधोमध. दुसरी पहिलीला चिकटून. नाना बेचैन झाले. तिसरी चार बोटं वर आणि उजवीकडे. चौथी तर वीतभर लांब. यास्मिननं बोल्ट उघडा ठेवला, थर्मासमधला चहा काढला आणि नानांना न विचारता स्वतः एकटीनं प्यायली. नळी गार झाल्यावर पुन्हा बसली. पहिली मधोमध, दुसरी मधोमध, तिसरी भरकटली. काडतुसं बदलली. तेच. मग तिनं दुर्बिणीचे स्क्रू तपासले. कारखान्यातून आलेला लाल रंगाचा ठिपका प्रत्येक स्क्रूवर जसाच्या तसा होता, एकही हलला नव्हता.

"दुर्बिणीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "दुर्बीण हलली असती तर पहिलीच गोळी गेली असती. ही बंदूक गार असताना शहाणी आहे, तापली की बिघडते."

"पडल्यावं असंच व्हतं," नाना म्हणाले.

"पडल्यावर ओरखडा येतो. लाकडी दस्त्यावर एक ओरखडा दाखवा, मी दुकान बंद करते."

ओरखडा नव्हता. नानांनी रायफल जिवापाड जपली होती, ते जपणंच आता त्यांच्या अंगावर आलं होतं.

यास्मिननं मग वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली. नळी आणि खालचं लाकूड यांच्या मधल्या फटीत ती पट्टी घालून मागे मागे ओढत नेली. एकीकडे हात, एकीकडे तोंड चालू. हलक्या बंदुकीची नळी बारीक, ती दोन गोळ्यांत तापते, तापली की फुगते, म्हणून ती लाकडाच्या पन्हळीत कुठंही न टेकता मोकळी राहायला हवी. कुठं टेकली तर तापल्यावर तिथून ढकलली जाते आणि नेम गेलाच. एवढं सांगून होतंय तोवर पट्टी अर्ध्यात अडकली. तिनं ओढली, पट्टी फाटली.

"टेकलीय," ती म्हणाली.

तिनं खालचे दोन स्क्रू काढले आणि नळी अलगद दस्त्यातून उचलून बाजूला ठेवली. पन्हळीत एका अंगाला तांदूळ होते. लाल तांदूळ, एकावर एक थापून बसलेले, कुंकवानं लाकडाला चिकटलेले, वाळून खड्यासारखे झालेले.

नाना बघत राहिले. एक म्हणायला हवं, नाना निर्बुद्ध नव्हते. बघताक्षणी त्यांना सगळं कळलं. खंडेनवमीला घराघरांत शस्त्रं पुजतात, बाकीच्या घरांत बायकाही पुजतात, पण नानांच्या घरी बंदुकीला बाईचा हात लागायचा नाही असा नानांचाच कायदा. पूजा ते स्वतः करीत. यंदा चार पाहुणे बघायला बसले होते, तेव्हा नानांना जोर चढला. तांदूळ कुंकवाच्या पाण्यात चांगले भिजवून त्यांनी मुठी मुठीनं बंदुकीवर ओतले होते आणि म्हणाले होते, शस्त्राला अक्षता वाहताना कंजूषपणा करू नये. ओले दाणे फटीतून आत गेले, बसले आणि वाळले. नाना दर आठवड्याला नळी आतून पुसत, बाहेरून पुसत. नळीच्या खाली बघायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

पोपटचा पाय त्यांच्या डोळ्यांपुढं आला, दवाखान्यात चादरीखाली जिथं असायला हवा तिथं नसलेला. नाना भ्याले. खरंच भ्याले. मग त्यांनी सवयीप्रमाणं मनातल्या मनात खेकसायला कुणीतरी माणूस शोधला, आणि पहिल्यांदाच कुणी सापडेना.

"पूजा कोणी केली?" यास्मिननं विचारलं.

"घरच्यांनी."

"घरच्यांना सांगा, पुढच्या वर्षी नुसतं कुंकवाचं बोट लावा. अक्षता देवासाठी असतात, बंदुकीला नकोत." तिनं लाकडी काडीनं ते दाणे खरवडून एका फडक्यावर काढले. "आणि तो मुलगा बाहेर उभा आहे ना, त्याला आधी हे दाखवा. बरं वाटेल त्याला."

ती फडकं घेऊन उठणार तेवढ्यात नानांनी हात पुढं केला. फडक्यावरचे तांदूळ मुठीत गोळा केले आणि तोंडात टाकले. कडाकडा चावले.

यास्मिन थिजून बघत राहिली. "काका, ते बंदुकीच्या तेलात मुरलेत."

"प्रसाद हाय," नाना म्हणाले आणि गिळले. बोटांना लागलेलं कुंकूही त्यांनी धोतराला पुसून टाकलं.

यास्मिन कामाला लागली, कारण काम तिला अर्धवट टाकता येत नाही. पन्हळ घासून पुसून कोरडी केली, नळी परत बसवली, दोन्ही स्क्रू सारख्या ताणानं आवळले. नवी पट्टी घातली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन गेली. चापाच्या खटक्यात जुनं ग्रीस घट्ट झालं होतं, तेही काढलं. आता चाप न अडखळता सुटत होता. नानांनी तो आणखी हलका करायला सांगितला. तिनं साफ नकार दिला, म्हणाली, कारखान्यानं ठेवलाय तेवढाच राहील, त्याहून हलका केला तर बोट लागायच्या आत बार उडेल आणि मग तेही कुणीतरी पाडल्यामुळंच झालेलं असेल.

नानांनी टोमणा ऐकला नाही. ते बसले होते आणि गोळ्या झाडत होते. पाच गोळ्या, तापलेली नळी, आणि पाचही छिद्रं बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत. त्यांचा चेहरा उजळला. नेम होता तसाच होता! वय झालं म्हणे! सांगायला लाज वाटते, पण त्या घटकेला पोपट, संतोष, गोदाबाई, सगळी माणसं नानांच्या डोक्यातून धुतली गेली होती आणि हा माणूस सुखात होता.

"सांगणार आहात ना त्याला?" यास्मिननं पेटी आवरताना विचारलं.

"आमच्या घरातली गोष्ट हाय. तुम्ही बंदुकीचं बघा."

तरी ती त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. संतोष गाडीला टेकून उभा होता, हातात फोन. मघाशी आईचा फोन येऊन गेला होता. ती फार काही बोलली नव्हती, धाप लागत होती, येतोस ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. दोन महिने ताठ राहिलेलं पोरगं तेवढ्यानं मोडलं होतं. नाना काही बोलायच्या आधी तोच बोलला.

"नाना, मी पाडली. तुम्ही म्हणाल तिथं म्हणतो. आता घरी चला."

"अरे, पण बंदूक पडलेलीच..." यास्मिन बोलायला लागली.

"बाई, तुमचं काम झालं," नाना म्हणाले.

संतोषनं तिच्याकडं बघितलं. तिला काहीतरी सांगायचंय हे त्याला कळलं, पण बंदुकीचं आता काहीही निघो, त्याला त्यात रस उरला नव्हता. "ताई, राहू द्या," तो म्हणाला. "उशीर होतोय." यास्मिननं एकदा बापाकडं आणि एकदा लेकाकडं बघितलं, आणि ती गप्प राहिली. हे तिनं करायला नको होतं, पण केलं.

गाडी सोलापूर रस्त्याला लागली. हडपसरच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा नानांनी घसा खाकरला. संतोषनं वळून बघितलं. बोलायला जागा होती, वेळ होता, दोघंच होते.

"चाप फक्कड झालाय," नाना म्हणाले.

पोपट घराबाहेर खाटेवर बसला होता. नानांनी चार शेजाऱ्यांना हाका मारून बोलावून घेतलं, कारण साक्षीदारांशिवाय कबुली म्हणजे मीठ नसलेलं कालवण. संतोषनं सांगितलं, की रंग देताना माझ्या हातून बंदूक पडली आणि मी ते लपवलं. सांगून तो पोपटच्या पायावर वाकला.

"पाय नको धरू, दादा," पोपट म्हणाला. "एकच राह्यलाय."

पोपटची बायको कांताबाई दारात उभी होती. तिनं पायातली चप्पल काढून संतोषच्या तोंडावर मारली. आजवर ती त्याला धाकटे मालक म्हणायची. शेजारी "अगं अगं" म्हणत पुढं झाले. नाना झाले नाहीत. ते म्हणाले, "बघ पोपट, खरं भाईर आलं का नाय," आणि पुढं चालायला लागले.

घरी गोदाबाई उशांना टेकून बसली होती. संतोष दारात दिसताच तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर असं काही आलं, की नानांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच सगळं सोडून दिलं असतं. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या गालावरचा वळ तिला दिसला नाही, खोलीत उजेड कमी होता.

"बघा, आलं माझं पोर," ती नानांना म्हणाली.

"इचार त्याला."

"काय इचारू? मला ठाव हाय."

"इचार म्हणतो ना."

संतोषला वाटत होतं, की पोपटपुढं झालं तेवढं बास, इथं तरी नाना सोडतील. त्यानं वर बघितलं. नाना खाटेच्या पायथ्याशी उभे होते, कमरेवर हात ठेवून, वाट बघत.

"आई," तो म्हणाला, "बंदूक मी पाडली होती."

"शपथ घेतली व्हतीस रे."

"खोटी घेतली."

गोदाबाईनं आपले हात काढून घेतले आणि स्वतःच्या छातीवर ठेवले. तिला राग आला नव्हता. बरेच दिवस न उलगडलेलं काहीतरी उलगडावं तशी ती शांत झाली.

"मग ती लागली मला," ती म्हणाली. "मी म्हणतेय, औषध लागू का पडंना."

संतोषनं आईच्या अंथरुणावर डोकं टेकवलं आणि तो हमसून रडायला लागला. त्याला रडताना बघून तर तिची खात्रीच झाली. ती नानांकडं वळली. "तुमचंच खरं व्हतं हो. मी उगा तुमच्या तोंडाला लागले. पदर पसरते, माफ करा."

हेच वाक्य नानांना हवं होतं. याच वाक्यासाठी त्यांनी पोराला चप्पल खाऊ घातली होती. अजूनही वेळ गेली नव्हती. अगं, अक्षता अडकल्या होत्या, माझ्या हातच्या, एवढं म्हटलं असतं तरी ती उठून बसली असती, हसली असती, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला हसली असती. आणि तेच नानांना सोसलं नसतं.

"जाऊ दे," नाना म्हणाले. "माणूस चुकतंच. त्याला मी माफ केलंय."

संध्याकाळी संतोषनं डबीतून गोळी काढली आणि पाण्याचा पेला घेऊन आईजवळ गेला. तिनं तोंड फिरवलं. शपथेवर औषध नसतं, म्हणाली, उगीच कशाला कडू खायचं. त्यानं हात जोडले, विनवण्या केल्या, शेवटी ओरडला, की आई, मी पाडली नव्हती, मी आत्ता खोटं बोललो. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "आता कुणाची शपथ घेणार?" संतोषनं नानांकडं बघितलं. नाना कोपऱ्यात बसून रायफल पुसत होते. म्हणाले, तिला नको असंल तर जबरदस्ती करू नको, आणि गोळी त्याच्या हातातून घेऊन परत डबीत टाकली.